माणूस म्हणजे स्टँड नव्हे

‘अरे, जरा धर रे!’ हे वाक्य आपल्या घरांतून दिवसाकाठी चार वेळा तरी ऐकू येते. शिडी लावताना, सिलिंडर हलवताना, भिंतीत खिळा ठोकताना आपण ते सहज बोलून जातो. धरणारा बहुधा घरातला सर्वांत लहान असतो. कशासाठी धरायचे, किती वेळ धरायचे, आणि हातातून सुटू लागले तर काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. मी हे वाक्य एकदा मोटारसायकल दुरुस्त करताना उच्चारले आणि ते माझ्या धाकट्या भावाच्या पायावर पडले. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. माझी इंटरची परीक्षा नुकतीच संपली होती. बरकतपुऱ्यात, चमनपासून थोड्या अंतरावर, आमचे जुने दुमजली घर आहे. एरवी काचीगुडा आणि नारायणगुडा या दोन्ही बाजूंनी वाहता असणारा हा भाग एकाएकी मुका झाला. गॅरेजे बंद, पंक्चरवाले बंद. वडिलांची नोकरी अत्यावश्यक सेवेतली, त्यामुळे त्यांना जाणे भाग होते. त्यातच गाडीचे मागचे चाक बसले. पदार्थविज्ञान शिकलेला मुलगा घरात असताना चिंता कसली, असे मीच छाती पुढे काढून म्हणालो.

आमच्या गाडीला मधला स्टँड होता. पण गतिरोधकावर घासतो म्हणून तो वर्षभरापूर्वी काढून माळ्यावर टाकला होता. राहिला बाजूचा स्टँड. मी गाडी डावीकडे कलवून मागचे चाक उचलले आणि उजव्या अंगाला फूटरेस्टच्या खाली सिमेंटच्या दोन पोकळ विटा सरकवल्या. बारा वर्षांच्या भावाला उजवीकडून हँडल धरायला उभे केले. ‘काही झाले तरी सोडू नकोस,’ असे वर बजावले. मग पाना लावून मी आसाच्या नटवर सगळा जोर काढला. नट गंजलेला होता, तो हलला नाही, गाडी हलली. वरची वीट कट्‌कन फुटली आणि गाडी उजवीकडे गेली.

भावाने हँडल सोडले नाही. गाडी त्याला घेऊनच खाली आली आणि फूटरेस्ट त्याच्या पावलावर बसले.

आरडाओरडा ऐकून गल्लीच्या टोकाचे मिस्त्रीचाचा तोंडाला रुमाल बांधून धावत आले. दोघांनी गाडी उचलली. चाचांनी फुटलेल्या विटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, ‘आदमी कू नक्को पकडाओ बेटा, लकडी कू पकडाओ.’ शेजारच्या कन्नड अज्जींनी बर्फ आणून दिला. रुग्णालयात जाताना चौकात पोलिसाला सुजलेला पाय दाखवावा लागला. पावलातले एक हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. त्या रात्री मी भावाला रागानेच विचारले, ‘अरे, गाडी पडताना दिसत होती, तर बाजूला का झाला नाहीस?’ तो म्हणाला, ‘दादा, तूच सांगितलं होतंस ना, सोडू नको म्हणून.’

या उत्तराला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. पावसाळ्यात त्याचा पाय थोडा दुखतो. तो बोलून दाखवत नाही, हे मला अधिक लागते. मात्र त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे आणि ते मी आपणांपुढे मांडतो. गाडी घरी दुरुस्त करावी, अवश्य करावी. पण कोणत्याही माणसाला, विशेषतः लहान मुलाला, गाडीचा स्टँड करू नये. आधार हा वस्तूचा असावा आणि तो पहिला नट सैल करण्यापूर्वी उभा असावा.

यावर लगेच कोणी म्हणेल, ‘आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच चालते. दोघांनी धरले की काम होते.’ काम होते, हे खरे. परंतु हाताने धरण्यात एक फसवणूक आहे आणि ती समजायला आपल्याच वर्गात शिकवलेले गणित पुरे. साधी शंभर सी.सी.ची गाडी ११० किलोची धरू. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि आपला हात एक मीटरवर आहे असे समजू. गाडी सरळ उभी असताना ती एका बोटाने तोलता येते. धरणाऱ्याला वाटते, एवढेच ना! ती दहा अंश कलली की हातावर साडेनऊ किलोचा भार येतो, वीस अंशांना सुमारे एकोणीस आणि तीस अंशांना साडेसत्तावीस. म्हणजे जसजशी गाडी पडते तसतशी ती धरायला जड होत जाते. पस्तीस किलोच्या मुलाने ती कशी पेलावी? बुलेटसारखी गाडी तर १९० किलोच्या वर भरते. पहिल्या क्षणी जमते म्हणून शेवटच्या क्षणी जमेल, हा हिशेबच चुकीचा आहे. शिवाय माणसाला शिंक येते, घाम येतो, फोन वाजला की मान वळते. लाकडाच्या ठोकळ्याला यातले काहीच होत नाही.

आमचे आजोबा भालकीकडचे. बीदर जिल्ह्यातल्या त्या भागात मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात. भावाच्या अपघाताची हकीकत ऐकून आजोबा म्हणाले, ‘आमच्या बैलगाडीला शिपाई होता रे!’ बैल सोडल्यावर गाडीचे जू खाली टेकू नये म्हणून पुढे जो लाकडी टेकू उभा करतात त्याला शिपाई म्हणतात, हे मला तेव्हा कळले. आखाला वंगण घालायचे तर लांब वाशाची तरफ करून गाडी उचलायची, आखाखाली दुबेळके लाकूड उभे करायचे, आणि मगच चाक ओढायचे. तरफेवर माणूस आणि भाराखाली लाकूड, अशी ती वाटणी होती. उचलणे हे एक काम आणि धरून ठेवणे हे दुसरे, हा भेद त्या निरक्षर गाडीवानांना ठाऊक होता. मी मात्र तरफेचे तीन प्रकार पाठ करून परीक्षा दिली होती.

पूर्वीच्या दुचाक्यांनी हा भेद आपल्यासाठी सोडवून ठेवला होता. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेली बुलेट घ्या, १९६१ ते १९९६ पर्यंत मैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या जावा-येझदी घ्या, किंवा १९७२ साली आलेली चेतक स्कूटर घ्या. मधला स्टँड हा त्यांचा अवयवच होता. आता चित्र पालटले आहे. २०१२ साली आलेल्या ड्यूक २०० ला मधला स्टँड नव्हता. सायलेन्सरच पोटाखाली आला, मग स्टँडला जागा कुठली? काही गाड्यांना तो वेगळे पैसे मोजून बसवून घ्यावा लागतो. वजन वाचते, गाडी देखणी दिसते, वळणावर काही घासत नाही. ही कारणे खोटी नाहीत. परंतु अशी गाडी उचलण्याची साधने गॅरेजात असतात आणि गाडी असते आपल्या अंगणात. या दोहोंमधली पोकळी भरून काढायला आपण धाकट्या भावाला बोलावतो. माझे तर आग्रहाचे सांगणे आहे की गाडी घेतानाच मधल्या स्टँडची चौकशी करावी, आणि असलेला स्टँड आमच्यासारखा माळ्यावर टाकू नये.

आता कोणी विचारेल, मग करावे तरी कसे? चाचांनी टाळेबंदीनंतर मला जे शिकवले आणि मी पुढे स्वतः ताडून पाहिले, ते थोडक्यात सांगतो.

प्रारंभ जमिनीपासून. जमीन सपाट आणि टणक हवी. बरकतपुऱ्यातले पुष्कळ जुने बंगले जाऊन तेथे अपार्टमेंट झाली आहेत. त्यांच्या सेलरमध्ये उतरणीवरच गाडी लावून काम करणारे मी पाहिले आहेत. उतरण सर्वथा वर्ज्य. एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादच्या उन्हाने डांबर मऊ होते, त्यात बाजूचा स्टँड हळूहळू रुततो. म्हणून त्याखाली फळी हवी. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी आपल्या दोन्ही भाषिकांच्या अंगणांत आहे. ती टणक खरी, पण तेल सांडले की तिच्यावर स्टँडही घसरतो आणि माणूसही. आधी पुसून घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे घट्ट नट दोन्ही चाके जमिनीवर असतानाच सैल करावेत. माझी मुख्य चूक हीच होती. पान्याला दिलेला हिसका शेवटी गाडीलाच बसतो. आधी नट थोडा सैल करावा, मग गाडी उचलावी. परत बसवतानाही शेवटचा आवळ गाडी खाली उतरवून द्यावा.

तिसरी गोष्ट पुढच्या चाकाची. मागचे चाक जमिनीवर असते तोवर गिअरमध्ये ठेवलेली गाडी सरकत नाही. ते हवेत गेले की गिअरचा उपयोग संपतो, कारण तो मागच्या चाकालाच धरून असतो. म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिने पुढच्या ब्रेकची मूठ आवळून बांधावी आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचर लावावी.

मधला स्टँड लावताना पाठीने गाडी उचलू नये. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत पायाने दाबावे, दोन्ही टेकल्याची खात्री करावी आणि मग स्टँडच्या दांडीवर सगळे अंग टाकून उभे राहावे. हात फक्त दिशा देण्यासाठी. गाडी आपसूक वर येते. स्टँडचे पाय उभ्या रेषेच्या थोडे पुढे गेलेले असतात म्हणून तो वजनानेच अडकून राहतो. याचाच अर्थ असा की गाडी मागून पुढे ढकलली गेली तर तो मिटू शकतो. त्यासाठी एक दोरी स्टँडच्या पायापासून पुढच्या चाकाला ताणून बांधावी. पुढचे चाक काढायचे असेल तर ती सांगाड्याच्या पुढच्या नळीला बांधावी. पाच मिनिटांचे काम आहे.

पुढचे चाक काढले की गाडीचा तोल बदलतो. तेव्हा सांगाड्याच्या खालच्या नळ्यांखाली, स्टँडच्या पुढे, रुंद लाकडी ठोकळा हवा. सायलेन्सरच्या नळीखाली किंवा तेल सोडण्याच्या बोल्टखाली तो लावू नये. ठोकळे एकावर एक नुसते न रचता एक थर आडवा, एक उभा, असे चौकटीसारखे रचावेत. आणि ते लाकडाचेच असावेत. वीट आणि सिमेंटचा ठोकळा न सांगता फुटतो. लाकूड आधी दबते, करकरते, म्हणजे सावध करते. मोटारीचा जॅक वापरायचा तर तो उचलण्यापुरताच. गाडी वर आली की भार ठोकळ्यावर घ्यावा, जॅकवर ठेवून काम करू नये.

ज्यांच्या घरी माजघरात किंवा ओसरीवर झोपाळ्याची भक्कम कडी आहे, त्यांनी तिच्यातून दोर घेऊन गाडीच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी बांधावा. दोर वजन पेलण्यासाठी नाही, गाडी कलंडू नये एवढ्यासाठी. अर्थात कडी आधी तपासून घ्यावी. आजीच्या काळची कडी नातवाच्या काळी गंजलेली असू शकते.

ज्यांच्या गाडीला मधला स्टँडच नाही त्यांनी मागच्या दांड्याला धरून उचलणारा पॅडॉक स्टँड घ्यावा, मित्रांनी मिळून एक घ्यावा. तोही नसेल तर चाक घरी काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साखळीला तेल द्यायचे तर गाडी उचलावी लागत नाही. इंजिन बंद ठेवून गाडी वीतभर पुढे ढकलावी, जेवढी साखळी समोर आली तेवढी पुसावी, पुन्हा वीतभर ढकलावी. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून साखळी पुसणारे महाभाग असतात. त्यांनी आपली बोटे एकदा मोजून ठेवावीत.

शेवटी, हात आत घालण्यापूर्वी गाडी हलकेच हलवून पाहावी. डुगडुगली तर सर्व पहिल्यापासून. ती ज्या बाजूला पडू शकते तेथे कोणीही उभे राहू नये, मुलांना तर त्या आवारातच येऊ देऊ नये. आणि एवढे करूनही ती पडू लागली, तर पडू द्यावी. हँडल सरळ करता येते, आरसा नवा मिळतो. धरायला धावू नये. माझ्या भावाला हे एक वाक्य मी आधी सांगितले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

‘एवढी यातायात कशाला? गॅरेजात द्यावी आणि मोकळे व्हावे,’ असेही काही मित्र म्हणतात. हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण गॅरेजात तरी गाडी कोण धरते? कधी थांबून पाहा. कित्येक ठिकाणी एखादा ‘छोटू’ हँडल धरून उभा असतो. त्याचे खरे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवण्यास सरसकट बंदी आली. सवलत राहिली ती मुख्यतः शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्यापुरती. आपण गिऱ्हाईक म्हणून त्या मुलाच्या हातात आपली गाडी पाहतो, घाईत असतो आणि गप्प राहतो. मी माझ्या भावाच्या बाबतीत केले तेच आपण त्या मुलाच्या बाबतीत करत असतो. फरक एवढाच की तेथे पाय मोडला तर तो आपल्या घरी लंगडत येत नाही. ‘आधी ठोकळा लावा, मुलाला बाजूला करा, मी थांबतो,’ एवढे म्हणायला पैसे पडत नाहीत.

हाताने काम करण्याची आपल्या सुशिक्षितांना लाज वाटते, असे आपण नेहमी ऐकतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. आजच्या मुलांना हौस आहे, पाने-स्क्रूड्रायव्हरही ती विकत आणतात. त्यांना कंटाळा आहे तो तयारीचा. नट खोलण्यात पराक्रम वाटतो, ठोकळा रचण्यात वाटत नाही. प्रयोगशाळेत उपकरण समतल केल्याशिवाय आपले सर वाचन घेऊ देत नाहीत. तीच शिस्त अंगणात उतरली पाहिजे.

म्हणून माझी आपल्या महाविद्यालयाला एक छोटी सूचना आहे. आपल्या वाहनतळावर रोज कितीतरी दुचाक्या उभ्या राहतात. त्याच्या एका कोपऱ्यात सपाट जागा करून तेथे एक पॅडॉक स्टँड, सात-आठ लाकडी ठोकळे, चार पाचरी आणि एक दोर ठेवावा. वर्षातून एक रविवार राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी त्यासाठी द्यावा आणि एखाद्या अनुभवी मिस्त्रींना शिकवायला मानाने बोलवावे. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यांच्या शेजारी उभे राहून गुरुत्वमध्य समजावून सांगावा. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, कोणत्याही भाषेत सांगा. गाडीचे वजन सर्व भाषांत सारखेच असते.

आमच्या घरी माळ्यावरचा तो स्टँड उतरवून पुन्हा गाडीला बसवला आहे. गतिरोधकावर तो अजून घासतो. तेवढी गाडी सावकाश नेतो. परवा मागचे चाक काढायचे होते. भाऊ आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. तो सवयीने पुढे आला आणि हँडलकडे हात नेऊ लागला. मी त्याला म्हटले, ‘तू नको. तो ठोकळा दे इकडे.’

त्याने ठोकळा दिला, चार पावले मागे जाऊन ओसरीच्या पायरीवर बसला आणि मला पाने एकेक करून देऊ लागला.